काथ्याचे डॉक्टर

इंदू गेली त्या दिवशी डॉक्टर दुपारी आले. त्यांना सकाळी बोलावले होते.

इंदू माझी पत्नी. तिचे ते पहिले बाळंतपण. तिची आई हयात नव्हती, म्हणून माहेरी न जाता ती आमच्याच घरी राहिली होती. मुलगी झाली, रडली, सुईणीने तिला पुसून आईजवळ ठेवले, आणि त्यानंतर रक्त थांबेना. डॉक्टर रेवदंड्याला राहत. आमचे गाव तिथून अडीच कोस आत, डोंगराच्या पायथ्याशी. मध्ये मुरमाचा रस्ता आणि एक ओढा. सायकलवर हे अंतर तासाच्या आत कापता येई, आणि डॉक्टरांजवळ सायकल होती. पण तिला टायर नव्हते. टायरांच्या जागी काथ्याचा दोर गुंडाळलेला होता.

असे का होते ते समजायला आधी डॉक्टर समजायला हवेत.

ते रोग्यांवर ओरडत. ओसरीवर बाकडे टाकलेले असे, त्यावर माणसे दाटीने बसत आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याला पडणाऱ्या शिव्या ऐकत. "पोटात दुखतंय? दुखणारच. काल हळदीला जेवताना पोट कोणाचं होतं, शेजाऱ्याचं?" किंवा, "तीन दिवस अंगारा लावलास, मग आता मी काय लावू, गुलाल?" औषधाची बाटली देताना ते ती जवळजवळ अंगावर ढकलत. माणसे हे सारे हसत सोसत. खाडीपलीकडच्या एका आगरी म्हातारीने मला त्याचे कारण सांगितले होते. ती म्हणाली, "आमचा डाक्तर शिव्या घालतो तवर माणसाला भ्या न्हाय. तो गोड बोलाया लागला का समजावं, लाकडं आनायची."

घाबरून धावत आलेल्या माणसाला मात्र ते एकच वाक्य सांगत. "वेळ आहे." कोणाला साप चावलेला असो, कोणाचे मूल विहिरीतून काढलेले असो, पिशवी उचलता उचलता ते म्हणत, "वेळ आहे, वेळ आहे." त्या दोन शब्दांनी माणसाच्या पायात बळ येई हे मी स्वतः पाहिले आहे. एरवी इतक्या कडू जिभेच्या माणसाने दिलेला दिलासा खोटा असेल असे कोणालाच वाटत नसे.

आमची ओळख पुस्तकांमुळे झाली. मी गावच्या शाळेत शिक्षक. माझ्याजवळ एक कपाटभर पुस्तके होती, आणि डॉक्टर ती नेत. पुस्तक परत येताना त्याच्या समासात त्यांचे भांडण लिहिलेले असे. "खोटं." "हा लेखक कधी उपाशी राहिलेला नाही." एका कादंबरीतल्या नायिकेला क्षय होतो, त्या पानावर त्यांनी लिहिले होते, "या लक्षणांनी ती बारा पानं आधीच मरायला हवी होती." मला राग येई. पण पुस्तक परत आले की मी आधी समास वाचत असे. इंदूही वाचे. ती म्हणे, "डॉक्टर पुस्तकालाही तपासतात आणि त्यालाही शिव्या देतात."

मिठाच्या चळवळीच्या वर्षी सारा किनारा तापला होता. डॉक्टर तर आधीपासूनच खादी वापरत. त्या वर्षी त्यांनी बंदराजवळ विलायती कापडाची होळी केली, आणि रोगी आपले दुखणे सांगत असताना टकळीवर सूत काढू लागले. नवीन विलायती वस्तू घ्यायची नाही, जुनी असेल ती मोडेपर्यंत वापरायची, असा त्यांचा नियम होता. मी एकदा विचारले, "आणि तुमची इंजेक्शनं?" ते म्हणाले, "ती मी कुठे घेतो? ती रोगी घेतो." मग त्याच वर्षी, होळीनंतर, त्यांच्या सायकलचे दोन्ही टायर निकामी झाले.

सायकल शर्यतीची होती, हलकी, वाकड्या मुठींची. मुंबईला शिकत असताना एका मित्राने दिलेली. चाके अरुंद, त्यामुळे बाजारात मिळणारे साधे जाड टायर तिला बसत नसत. बाभळीच्या काट्यांनी आणि जांभ्या दगडांच्या कपच्यांनी जुने टायर इतके फाटले होते की ठिगळांना धरायला रबर उरले नव्हते. रेवदंड्याच्या बाजारात उस्मानभाईंचे दुकान होते. कंदील, घासलेट, कुलपे, आणि आढ्याला टांगलेले सायकलचे टायर, त्यात अशा अरुंद चाकांचेही. डॉक्टर मला घेऊन तिथे गेले. मला वाटले, टायर घ्यायला चाललो आहोत.

उस्मानभाईंनी काठीने एक टायर खाली काढला. "हा बघा विलायती. दगडावर घासा, काट्यावर घाला. दोन पावसाळे हसत काढील."

"नको."

"मग जर्मन घ्या. चळवळीचं जर्मनशी काय वाकडं नाय."

"जर्मन माझा मामा लागतो काय?"

"बरं, जपानी? आपल्यासारखीच माणसं, डाक्टरसाब. भात खातात, मासे खातात."

डॉक्टरांनी जपानी टायर हातात घेतला, अंगठ्याने त्याची कड दाबली, आणि नखाने एक बारीक भेग उस्मानभाईंना दाखवली. टायर वर्षभर उन्हात लटकत होता आणि उस्मानभाईंना तो खपवायचा होता. "भात खाऊन खाऊन फुटलाय हा," डॉक्टर म्हणाले. "स्वदेशी दाखवा."

"स्वदेशी टायर? ते अल्लानं अजून पैदा केलं नाय."

"मग पैदा होईपर्यंत तुमचं दुकान नुसतं बघायला येत जाईन."

उस्मानभाई माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकलेले. समजवा यांना. टायर बघताय का जावई?"

मी समजावण्याचा प्रयत्न केला. विलायती नको तर जर्मन घ्या, म्हणालो. डॉक्टर दुकानाबाहेर पडले आणि समोर बंदरात नांगरलेल्या गलबताकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्तर, ती शिडं कशाच्या जोरावर आहेत? काथ्याच्या दोरावर. त्या दोरावर माणसं अरबस्तानात जातात. माझी सायकल पंचक्रोशीत फिरणार नाही?"

नागावच्या एका बागाईतदाराकडून त्यांनी खाडीत चांगला कुजवून काढलेला काथ्या आणला, त्याचा घट्ट दोर वळून घेतला आणि चाकाच्या रिमवर तो फेऱ्यावर फेरे घेऊन गुंडाळला. दाभणाने जागोजाग शिवला. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते तशी ही काथ्याची धाव. सायकल आता चालताना धबधब आवाज करी आणि बसणाऱ्याचे दात वाजत, पण ती चालत होती. काट्यांची भीती नव्हती. हवा भरायला नको. उन्हाळाभर डॉक्टर तिच्यावरून हिंडले आणि भेटेल त्याला चाक दाबून दाखवू लागले.

बाजारातल्या कोळणींना आयता विषय मिळाला. एकीने भर बाजारात हाक मारली, "डाक्तर, नांगराचा दोर सायकलीला बांदलाव? वाऱ्यानं उडंल म्हून काय?"

"तुझी जीभ बांधायला आणला होता," डॉक्टर म्हणाले. "पुरला नाही, म्हणून इथे लावला."

सगळा बाजार हसला. त्या दिवसापासून त्यांचे नाव काथ्याचे डॉक्टर पडले, आणि त्यांना ते आवडे.

समुद्रात दोर कायम ओला असतो. रस्त्यावर तो भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो, आणि दर खेपेला थोडा सैल होतो. पिढ्यान् पिढ्या काथ्या वळणाऱ्या त्या किनाऱ्यावर हे कोणाच्याच लक्षात आले नाही. दोर विकणाऱ्याच्याही नाही.

भाद्रपदात इंदू बाळंत झाली. चार दिवस पाऊस, मग दोन दिवस कडक ऊन, मग पुन्हा पाऊस, असे चालले होते. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मास्तर, रगत थांबत न्हाय." मी आमचा गडी, धर्मा, याला पळवले. धर्मा धावत रेवदंड्याला पोहोचला. डॉक्टर ताबडतोब निघाले हे मला मान्य आहे. धर्मा मागून चालत येत होता. ओढ्यापाशी त्याला डॉक्टर पुन्हा दिसले. मागच्या चाकाचा दोर सुटून साखळीत गुंतला होता, आणि ते पावसात दगडावर बसून तो सोडवून पुन्हा गुंडाळत होते.

धर्मा त्यांना म्हणाला, "डाक्तर, सायकल टाका हितंच. चालत चला."

डॉक्टर म्हणाले, "वेळ आहे."

त्यांनी दोर गुंडाळला. पलीकडच्या चढावर तो पुन्हा सुटला. मग ते धावत आले. ते दारात आले तेव्हा चिखलाने माखलेले होते, आणि इंदूला जाऊन थोडाच वेळ झाला होता. अंग अजून ऊन होते. त्यांनी तिची नाडी पाहिली, पापणी उघडून पाहिली, पिशवी उघडली आणि पुन्हा बंद केली. मग ते माझ्याकडे वळून अगदी हळू, मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, वाटेत दोर सुटला." मी त्यांना तसे बोलताना कधी ऐकले नव्हते. मी म्हणालो, "चालते व्हा."

ते गेले. धर्माने ओढ्यावरची हकीकत मला दुसऱ्या दिवशी सांगितली. ती मी सांभाळून ठेवली आहे.

मी पुस्तके देणे बंद केले आणि बोलणेही. त्यांची दोन पुस्तके माझ्याकडे होती, ती धर्माच्या हाती परत पाठवली. महिन्याभराने ते पायी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. मी ओटीवर पाळण्याची दोरी ओढत होतो.

"मास्तर, टायर घ्यायला चाललोय. तुम्ही निवडा."

"मी कशाला?"

"मी निवडलेला तुम्ही बघितलात."

मी उठलो. माझ्या आईला वाटले, मी त्यांना मारणार. ती पाळण्याजवळ येऊन म्हणाली, "अरे, घरी आलेल्या माणसाला..." मी चपला घातल्या आणि निघालो. अडीच कोस तसेच चाललो. ते पुढे, मी मागे. ओढ्यापाशी ते थांबले. मी थांबलो नाही, त्यांना ओलांडून पुढे गेलो.

उस्मानभाईंनी आम्हाला पाहिले आणि त्या दिवशी विनोद केला नाही. तिन्ही जातींचे टायर त्यांनी फळीवर मांडले. मी विलायती उचलला. तो सर्वांत भक्कम होता हे खरे, पण मी तो त्यासाठी उचलला नव्हता. ज्या देशाच्या कापडाची या माणसाने होळी केली, त्या देशाच्या रबरावर बसून त्याने भर बाजारातून जावे आणि ते सगळ्यांनी पाहावे, एवढेच मला हवे होते. मला ते आजही वावगे वाटत नाही.

उस्मानभाई चाचरत म्हणाले, "डाक्टरसाब, जर्मन पण चांगला आहे. नवीन माल आलाय."

"मास्तरांनी निवडलाय," डॉक्टर म्हणाले. "हाच द्या."

"दोन्ही चाकांना," मी म्हणालो.

त्यांनी ते तिथेच, रस्त्यावर बसून, काथ्या कापून काढून चढवले. खादीची टोपी, खादीचा सदरा, आणि गुडघ्यावर विलायती टायर. माणसे जमली. डॉक्टरांनीच होळीला जमवलेली पोरे होती त्यात. एकाने ओरडून विचारले, "काय डॉक्टर, साहेबाची सोयरीक जुळली का?" दुसरा थुंकला. पूर्वी त्यांनी दोघांनाही जागच्या जागी गार केले असते. त्या दिवशी ते हवा भरत राहिले.

पुढे काही महिन्यांनी रेवदंड्यातल्या चळवळीच्या कमिटीने त्यांना बोलावले. कमिटी त्यांनीच उभी केली होती. सभा देवळाच्या आवारात भरली, आणि डॉक्टरांना लोक काय बोलतात ते ऐकायला मीही गेलो. चिटणीस एक तरुण वकील होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपण सूत कातता आणि इंग्रजाच्या टायरवर फिरता. पोरं आम्हाला विचारतात. काय सांगायचं?"

"सांगा, कपडे माझे आहेत," डॉक्टर म्हणाले. "टायर बाळंतिणींचे आहेत."

लोक हसले. मागून कोणीतरी ओरडले, "कुठल्या बाळंतिणीचे? नाव सांगा तिचं!"

डॉक्टरांनी नाव घेतले असते तर सभा तिथेच संपली असती. ते तसेच उभे राहिले, आणि मागची पोरे पुन्हा पुन्हा ओरडू लागली, नाव सांगा, नाव सांगा. बायकोचे नाव चारचौघांत घेण्याची आमच्यात रीत नाही. घरातसुद्धा मी तिला नावाने हाक मारली नव्हती. मी उठलो आणि म्हणालो, "तिचं नाव इंदू. ती माझी बायको होती. टायर मी निवडलेत."

डॉक्टर पूर्वीसारखे कडाडले, "मास्तर, खाली बसा! तुम्हाला कोणी विचारलं?" मग चिटणिसांकडे वळून म्हणाले, "माझं नाव कमिटीतून काढा आणि पुढचं काम घ्या. मला साळावला जायचंय, तिथे एक बाई अडली आहे." ते निघून गेले. त्यांचे नाव काढले गेले. मी त्यांच्या बाजूने उठलो होतो असे नंतर लोक म्हणू लागले. तसे नव्हते. इंदूचे नाव विचारले गेले होते, म्हणून मी उठलो होतो.

ते टायर झिजले तेव्हा त्यांनी पुन्हा तसेच घेतले, आणि ते झिजल्यावर पुन्हा. सूत कातणे सोडले नाही. सभांना त्यांना कोणी बोलावत नसे. झेंडा घेऊन चाललेली मिरवणूक समोरून आली की ते सायकलवरून उतरून बाजूला उभे राहत, आणि मिरवणुकीतली पोरे टायरांकडे बोट दाखवून घोषणा देत. मी हे दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा पाहत उभा राहिलो.

आमच्या गावच्या बाजूला आले की ते मुलीला पाहायला येत. मी आत जात असे. आई ओटीवर पाण्याचा तांब्या ठेवी. ते मुलीला उताणी, पालथी करून पाहत आणि आईवर ओरडत. "हिला भात कोण भरवतंय? कोंबडी आहे काय ही?" मुलीचे नाव कुसुम. ती चालू बोलू लागल्यावर सायकलची घंटी ऐकून अंगणात धावे आणि म्हणे, "काथ्याआजोबा आले!" हे नाव तिला कोणी शिकवले मला ठाऊक नाही. सायकलला तेव्हा काथ्या नव्हता. डॉक्टर तिला सीटवर बसवून अंगणात फिरवत. दाराच्या फटीतून मला तिचे हसणे ऐकू येई, आणि मला त्यांचा राग येई.

त्या भागात डॉक्टर कोणाकडे उशिरा पोहोचले असे त्यानंतर मी ऐकले नाही. ऐकायला मिळावे म्हणून मी कान देऊन असे. रोग्यांनी एक मात्र सांगितले. डॉक्टर आता "वेळ आहे" म्हणत नाहीत. शिव्या पूर्वीसारख्याच घालतात, पण घाबरून आलेल्या माणसाला काही न सांगता पिशवी उचलतात आणि त्याच्या आधी दाराबाहेर पडतात.

गेल्या वैशाखात त्यांना विषमज्वर झाला. त्यांच्या भाच्याचा निरोप आला की कुसुमला पाहायचे म्हणतात. तापाच्या घरात मुलीला कसे न्यायचे, म्हणून मी एकटाच गेलो. ते खाटेवर होते, हाडे उरली होती. इतक्या वर्षांनी आम्ही एकमेकांसमोर बसलो.

"मुलीला आणली नाहीत ते बरं केलंत," ते म्हणाले. "मी मूर्खासारखा निरोप पाठवला." मग थोड्या वेळाने, "मास्तर, राग आहे अजून?"

"आहे."

"असू द्या. कुसुमला पुन्हा देवी काढून घ्या. यंदा मुरुडकडे साथ आहे."

"घेतो," मी म्हणालो.

मी उठलो तेव्हा त्यांनी भाच्याला, मला पाणी विचारले नाहीस म्हणून, एक शिवी घातली. त्याच आठवड्यात ते गेले. त्यांना कमिटीतून काढणारी माणसे खांदा द्यायला पुढे झाली. उस्मानभाई दुकान बंद करून आले. आगरी, कोळी बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुलांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. मी सर्वांच्या मागे चालत गेलो आणि सर्वांच्या मागे परत आलो. मी त्यांना क्षमा केलेली नाही. त्यांच्याइतकी आठवण मला दुसऱ्या कोणाची येतही नाही.

कुसुम माझ्याजवळ आहे. तिला देवी काढून घेतल्या. रेवदंड्याला आता डॉक्टर नाही. अडलेल्या बाईला गाडीत निजवून अलिबागला नेतात, आणि सगळ्या पोहोचत नाहीत.